डाव्या खिशातले चिंचोके

नानाजी गेल्याचं कळलं तेव्हा मी दाढी करत होतो. ऑफिसातला शिपाई सायकल मारत नंदनवनातल्या माझ्या घरापर्यंत आला होता. निरोप सांगून तो दारातच उभा राहिला... आणि माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. आता सांगायला नको, असं आलं. बारा वर्षं पोटात ठेवलेली एक गोष्ट आता कोणालाच सांगावी लागणार नाही, म्हणून मला चक्क हायसं वाटलं. अर्ध्या गालाला साबण लावलेलं ते आरशातलं तोंड आठवलं की अजून माझी मलाच किळस येते.

नानाजी आमच्या ऑफिसात नकाशे काढत. उमरेडकडच्या शेतकरी घरातला माणूस, प्रताप नगरात दोन खोल्यांत संसार. रेघ चुकली तर खोडायचे नाहीत, कागदच बदलायचे. साहेब वैतागायचे, पण नानाजींचा नकाशा परत तपासायची गरज कधी कोणाला पडली नाही. या माणसाला एकच नाद होता. थंडी पडली की उत्तरेकडून भोवत्या नावाचे शिकारी पक्षी येतात. घारीहून सडपातळ. दिवसभर शेतांवरून उंदीर-टोळ शोधत हिंडतात, रात्री माळावरच्या गवतात जमिनीवर बसतात आणि सकाळी ऊन लागलं की एकेक करून उठतात. त्यातले बरेच मग पुढे दक्षिणेला निघून जातात. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी उमरेड रोडच्या पलीकडच्या कुरणात नानाजी ते मोजत. दरवर्षी, न चुकता. मोजायची रीतही त्यांचीच. लिहायला मान खाली घातली की चार पक्षी निसटतात, म्हणून डाव्या खिशात चिंचोके भरायचे आणि पक्षी उठला की एक चिंचोका उजव्या खिशात टाकायचा. शेवटी उजवा खिसा मोजायचा. मी एकदा विचारलं होतं, चिंचोकेच काहून, फुटाणे काहून नाही? ते म्हणाले, "तुह्यासारखा सोबती असला तर फुटाणे खाऊन जाईल ना गा."

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरची गोष्ट असेल. मी नवा होतो, लग्न व्हायचं होतं आणि आदल्या रात्री मित्रांसोबत लास्ट शो पाहून आलो होतो. पहाटे सायकली काढल्या तेव्हा हॅन्डल धरवत नव्हतं, असा गारठा. नानाजींच्या कॅरिअरला काळं कांबळं बांधलेलं होतं. कुरणाशी पोचल्यावर त्यांनी मला मूठ मूठ करून चिंचोके दिले आणि पश्चिमेच्या कडेला, राखणदाराच्या खोपीपाशी उभं केलं. ते स्वतः पूर्वेला, गवताच्या पार दुसऱ्या टोकाला गेले. खोपीत कोणी नव्हतं, आत कडबा होता. पाच मिनिटं वाऱ्याच्या आडोशाला बसावं म्हटलं आणि बसलो.

जाग आली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. गवतावर एक पाखरू नव्हतं. अंगावर कोणाचं तरी कांबळं होतं. राखणदार येऊन घालून गेला असेल असं मी धरून चाललो, त्याची घडी केली आणि कडब्यावर ठेवून दिली. मग डाव्या खिशात हात घातला, हाताला लागले तेवढे चिंचोके काढले आणि उजव्या खिशात टाकले. हे करताना इकडेतिकडे पाहिल्याचंही मला आठवतं.

नानाजी गवतातून चालत आले, पायजम्याला कुसळं लागलेली, ओठ निळे पडलेले. "मोजले का गा?" त्यांनी विचारलं. मी उजवा खिसा त्यांच्यापुढे ओतून मोजून दाखवला. त्रेसष्ट. ते एवढंच म्हणाले, "बरं." परतताना त्यांचं कॅरिअर रिकामं होतं. माझं तिकडे लक्षही गेलं नाही.

पुढच्या प्रत्येक वर्षी ते मला विचारत, येतं का? मी कधी सासुरवाडी सांगितली, कधी ताप. ते एकटे जात आणि मध्ये उभं राहून दोन्ही बाजू जमतील तशा मोजून येत. मग बाहेरगावच्या एका पक्षीमंडळानं त्यांच्याकडे सगळ्या वर्षांचे आकडे मागवले. छापणार होते. नानाजींनी कळवलं की एका वर्षाची, आम्ही दोघं गेलो होतो त्या वर्षाची, वही पावसात भिजली. मंडळाचं उत्तर आलं, सलग आकडे नसतील तर उपयोग नाही. ऑफिसात याची थट्टा झाली आणि ती मीच सुरू केली. चहाच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणालो, "नानाजी, इतक्या वर्षांच्या मेहनतीवर पाणी पाडलं ना तुम्ही." सगळे हसले. नानाजीही हसले. "पान्याचं काय सांगता येते गा," म्हणाले. वही भिजली म्हणून माझे त्रेसष्ट वाहून गेले, याचा मला त्या वेळी आनंद झाला होता. लाज वाटायला हवी होती ती तेव्हा.

तेरवीनंतर प्रताप नगरात गेलो. काकू, म्हणजे नानाजींची बायको, त्यांच्या आठवणी सांगत होत्या. वस्तू जपायचे, पण एका वर्षी पक्षी पाहायला गेले आणि घरचं कांबळं कुठं टाकून आले ते सांगेचनात, महिनाभर खोकत होते. मी मान हलवत ऐकलं. मग त्यांनी पेटीतून सुतळीनं बांधलेली एक वही आणि चिंचोक्यांची पिशवी काढली. "तुह्यासाठी ठेवली होती. विष्णूनं मांगितली तरच दे म्हनत. तू काई मांगत नाही, मंग मीच देऊन राहिली. मी उघडून नाही पाह्यली, त्याईची ती पाखराईची भानगड."

वही त्याच वर्षाची होती आणि तिच्यावर पाण्याचा एक डाग नव्हता. त्या रविवारचं पान उघडलं. नकाशावर लिहीत तशा अक्षरात लिहिलं होतं: पूर्व, एकेचाळीस. पश्चिम, आणि पुढे रिकामी जागा. खाली दोन ओळी. 'विष्णूला झोप लागली होती, कांबळं घातलं. तो सांगेल तोवर जागा सोडली.'

वहीला पेन्सिल बांधलेली होती. मी त्या जागेत लिहिलं, 'मोजले नाहीत'. काय लिहिलं म्हणून काकूंनी विचारलं, तेव्हा वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "एवढंच होतं?" मी हो म्हणालो आणि चहा न घेता निघालो. कांबळ्याचं तोंडानं सांगवलं नाही, म्हणून ते इथं लिहिलं आहे. काकू या पेपरची रविवारची पुरवणी वाचतात.