तापणाऱ्या लोखंडाला तेल

आमच्या सुरतेतल्या डिंडोलीच्या सोसायटीत हिलालभाऊंशी बोलायचं म्हणजे घसा मोकळा ठेवावा लागतो. तीस वर्षं कापडाच्या लूमवर काढली त्यांनी, त्या खडखडाटानं दोन्ही कान गेले. पण हात मात्र असा की लोखंडावर नुसता ठेवला तरी कुठे काय दुखतंय ते कळावं. आणि तेलाचं तर वेडच. बिजागरी, सायकल, माझ्या गवंडीकामाचा ओळंबासुद्धा त्यांच्या तेलाच्या फडक्यातून सुटला नाही. मी ओरडलो, "अहो, दोरीलाही तेल लावलंत!" तर म्हणाले, "श्रीरंगभाऊ, लोखंडले तेल लावं, त्यामा काय चुकनं?"

लूमचं खातं, म्हणजे कारखाना, बंद पडलं तेव्हा वय चोपन्न. अमळनेरकडच्या गावी परत जाऊन करायचं काय? मग त्यांनी जुनी इको व्हॅन घेतली आणि हजीऱ्याच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये काम करणाऱ्या चार बायांना न्यायचं-आणायचं काम धरलं. चौघी आमच्याच सोसायटीतल्या. दोन वर्षांत एकदाही उशीर नाही. भाऊ पुन्हा ताठ चालायला लागले होते.

आता हजीऱ्याची हवा खारी. गाडी दिवसभर खाडीकडेच्या मैदानात उभी. एकदा सीट उचलून पाहिलं, तर मॅनिफोल्ड गेरूसारखा लाल! इंजिनातला जळका धूर सायलेन्सरकडे नेणारा हा ओतीव लोखंडाचा भाग, आणि इकोत इंजिन असतं पुढच्या सीटखाली. चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, एका शहाण्यानं सांगितलं, "सडला तो. तडा जाईल, धूर आत भरेल, बाया बसल्या जागी बेशुद्ध पडतील." स्वतःकडे सायकल नसताना दुसऱ्याच्या गाडीचं भविष्य सांगणाऱ्यांचा मला फार संताप येतो. पण भाऊ घाबरले ते घाबरलेच.

दिवाळीत बदली गाडी लावून ते पंधरा दिवस गावी निघाले. सुट्टीआधी काय करायचं हे लूमवाल्याला शिकवावं लागत नाही. खातं बंद व्हायच्या आदल्या दिवशी प्रत्येक कारागीर आपल्या मशिनीला तेलाचा हात फिरवतो, म्हणजे बंद काळात गंज चढत नाही. तीस दिवाळ्या केलं तेच भाऊंनी त्या दिवशी केलं. मॅनिफोल्ड तेलानं असा माखला की लाली दिसेना. गाडी इथंच उभी ठेवून निश्चिंत होऊन गावी गेले.

परतल्यावर पहिल्याच सकाळी चौघी बसल्या, गाडी निघाली आणि उधन्यापर्यंत जाते न जाते तोच सीटखालून भसाभसा धूर. गॅसवरची गाडी! मंदाताई पुढे बसलेली, तिनं किंचाळून दार उघडलं. चौघी भर रस्त्यात उतरल्या त्या परत बसल्याच नाहीत. कंपनीच्या सुपरवायझरनं फोनवर ओरडून सांगितलं, "काका, मिस्त्री पासे लखावी लावो, पछी वात." गाडीच्या मिस्त्रीनं दोन दिवसांत गाडी ठीक असल्याचं लिहून दिलं नाही, तर काम दुसऱ्याला.

त्या दिवशी भाऊ जेवले नाहीत. "चार बाया होत्या आत," एवढंच म्हणत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गॅरेजवाला कुंदन आला. आईबाप खानदेशी, पोरगा सुरतेत जन्मलेला, तोंडात गुजराती. सीट उचलली, वास घेतला आणि हसत सुटला. "काका, तेल लगाड्युं?" त्यानं समजावलं: हा भाग निखाऱ्यासारखा तापतो. त्यावर तेल टिकत नाही, जळतं. नशीब चांगलं म्हणून नुसता धूर झाला, पेटलं असतं तर?

"आणि तडा?" मी विचारलं.

"ते इंजिन थंड असतानाच कळतं. तडा असेल तर चालू करताच टिक-टिक वाजतं." त्यानं जोडांवर साबणाचं पाणी सोडलं. "फुगेही येतात. काका, तुम्ही ऐका, तुमची गाडी तुम्हाला माहीत."

भाऊंनी मान खाली घातली. ऐकणार कशानं?

तेवढ्यात भाऊंची बायको, सुभद्रावहिनी, पदर खोचून पुढे आल्या. "थांबा, मी ऐकस." चावी फिरली. वहिनी सीटच्या खाचेत डोकं घालून उभ्या, भाऊ त्यांच्या तोंडाकडे बघत उभे. बऱ्याच वेळानं वहिनी सरळ झाल्या आणि नवऱ्याच्या कानाशी ओरडल्या, "काहीच वाजत नही! गाडी चांगली शे!"

फुगेही नव्हते. कुंदन म्हणाला, "आ तो उपर-उपरनो काट छे, वरवरचा गंज. लोखंड जाड आहे, याला वीस वर्षं काही होत नाही."

भाऊ तिथंच टायरला टेकून लहान मुलासारखे रडले. मला इतकं हायसं वाटलं की त्या लारीवरच्या शहाण्यालाही मी मनातल्या मनात माफ केलं.

मग कुंदननं थिनरनं तेल पुसलं, तारेच्या ब्रशनं गंज खरवडला आणि उष्णता सोसणारा चंदेरी रंग लावला. रंग सुकल्यावर गाडी दहा मिनिटं चालू, मग पूर्ण थंड. नंतर अर्धा तास चालू, पुन्हा थंड. रंग असा हळूहळू भाजला तरच धरतो. थोडा वास सुटला तशी भाऊंनी आगीसाठी भरून ठेवलेली वाळूची बादली उचलली. कुंदननं ती काढून घेतली. "गभराओ नहीं काका, रंग पक्का होतोय." जाताना गाडी ठीक असल्याचं लिहून सही दिली.

तिसऱ्या दिवशी चौघी गाडीजवळ येऊन थबकल्या. मंदाताईनं पुढच्या सीटवर तळवा ठेवून पाहिला. "भाऊ, आज फोडणी नाही ना?" सगळे हसले आणि चौघी बसल्या.

आता रोज सकाळी गाडी चालू झाली की वहिनी हातातलं काम टाकून खाली येतात, सीटपाशी वाकून कान देतात. भाऊ आरशात नाही, मागे नाही, फक्त त्यांच्याकडे बघत असतात. त्यांनी मान हलवली की मगच गियर पडतो.