कासाबाईचं तिसरं वाक्य

राणीसावरगावच्या शिवारात कासाबाईला न ओळखणारा माणूस सापडेल, पण न ओळखणारी मेंढी सापडणार नाही. घरची एकशेवीस मेंढरं आणि चाळीस कोकरं. कुठलं कोकरू कुणाच्या पोटचं, हे ती नुसतं कानाकडे बघून सांगते. शाळेची पायरी ती चढली ती फक्त मतदानासाठी.

अशा बाईला एका मंगळवारी इंग्रजी शिकवायची वेळ तिच्या लेकीवर आली.

लेक शिवकन्या. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. परभणीच्या एका क्लासला मोबाइलवरून इंग्रजी बोलायला शिकवणारी माणसं हवी होती. त्यासाठी डेमो द्यायचा. शिवकन्याचे दोन डेमो पडले होते. "तुम्ही पुस्तक वाचून दाखवता, शिकवत नाही," असं क्लासच्या पंकजा मॅडमनी तोंडावर सांगितलं होतं. हा तिसरा आणि शेवटचा. जमला तर नोकरी. नाही जमला तर दिवाळीनंतर थोरल्या भावाबरोबर ऊसतोडीच्या गाडीत बसायचं.

अट साधी होती. समोर एक खरा विद्यार्थी बसवायचा. मॅडम ऐन वेळी इंग्रजीतला एक वाक्प्रयोग देणार. पंधरा मिनिटांत विद्यार्थ्याने तो वापरून तीन वाक्यं बोलायची. स्वतःच्या मनाने, आणि बरोबर.

विद्यार्थी म्हणून शेजारची साक्षी ठरली होती. डेमो सहाला. साडेपाचला कळलं की साक्षी मामाकडे झरीला निघून गेली.

"माय, तू बस," शिवकन्या म्हणाली.

"कुठं?"

"मोबाइलसमोर. तुला इंग्लिश शिकिवते."

"डोकं फिरलं का तुझं? मेंढरं यायच्या टायमाला?"

"मल्हारला सांगितलंय मी. साडेसहापस्तोर तो कळप वढ्याच्या पलीकडंच ठिवणार हाय." मल्हार तिचा धाकटा भाऊ, त्या दिवशी कळपामागे होता.

"अन् मी काय बोलू? बॅ बॅ?"

"बस ना गं. पाया पडते."

"पाया नको पडू. माझा पदर नीट दिसायलाय का बघ."

रेंज फक्त वाडग्यात यायची. वाडगं म्हणजे बाभळीच्या काट्यांनी वेढलेली मेंढरांची जागा. शिवकन्याने मोबाइल पाण्याच्या ड्रमावर टेकवला. सहाला पंकजा मॅडम पडद्यावर आल्या. कासाबाईला बघून त्यांनी चष्मा नाकावर सरकवला आणि वाक्प्रयोग दिला. होल्ड बॅक.

शिवकन्या सुरू झाली. होल्ड बॅक म्हणजे रोखणे, आवरणे, मागे ठेवणे. क्रियापद अमुक, शब्दयोगी अव्यय तमुक. मॅडम घड्याळाकडे बघू लागल्या. कासाबाईने मोठी जांभई दिली. तोंडावर हातसुद्धा धरला नाही.

पाच मिनिटं गेली होती. शिवकन्याने हताश होऊन मायच्या मागे पाहिलं. तिथे चाळीस कोकरं दाटीने उभी होती. मेंढ्या चरायला जातात तेव्हा कोकरांना मागेच ठेवतात. तेवढं चालणं त्यांना झेपत नाही. संध्याकाळी मेंढ्या परतल्या, तरी कोकरं एकदम सोडत नाहीत. चार-चार सोडतात.

"माय, सकाळी मेंढरं गेली तवा कोकरांचं काय केलंस?"

"काय करणार? मागं धरून ठिवली."

"तेच. होल्ड बॅक."

कासाबाई तिच्याकडे बघतच राहिली. "एवढंच? मंग तीन वर्सं कालेजात काय करत होतीस?"

मॅडमच्या ओठांचा कोपरा हलला.

कोकरांना लॅम्ब्स म्हणतात, हे सांगायला पाच सेकंद लागले. कासाबाईने घसा खाकरला. "आय होल्ड बॅक द लॅम्ब्स."

मॅडमनी एक बोट वर केलं. एक वाक्य.

तेवढ्यात खुंट्याला बांधलेलं कुत्रं कुणावर तरी भुंकलं. कासाबाईने त्याच्याकडे मान वळवली. "वी होल्ड बॅक द डॉग."

दोन बोटं.

शिवकन्याच्या अंगात वारं शिरलं. तिने सगळ्यात लहान कोकरू उचललं आणि नाचवतच मोबाइलसमोर धरलं. कोकरू ओरडलं.

ओढ्यापलीकडून त्याच्या आईने ओ दिली.

कासाबाईचा चेहरा उतरला. "कोकराला वरडू दिलंस?"

मेंढरं हाकेच्या अंतरावर असताना कोकरू उचलायचं नाही, हे त्या घरात पाच वर्षांच्या पोरालाही कळतं. शिवकन्या इंग्रजीच्या भरात विसरली होती. चाळीस कोकरं एकदम ओरडू लागली. एकशेवीस मेंढ्यांनी उत्तर दिलं. मल्हार ओढ्यात काठी आडवी धरून उभा होता. त्याच्या काठीला कुणी विचारलं नाही. धुळीचा एक लोट वाडग्याकडे निघाला आणि मल्हार त्याच्या मागे.

कासाबाई उठली. इंग्रजी, मॅडम, मोबाइल, सगळं तिथेच राहिलं. वाडग्याला दार म्हणून लावलेली काटेरी फांदी बाजूला करून ती दोन्ही पाय रोवून उभी राहिली आणि चार बारकी कोकरं बाहेर सोडली. मोठी कोकरं तिच्या गुडघ्यांना ढुशा देऊ लागली. शिवकन्याने दोन बगलेत धरली, एक मांड्यांत दाबलं. चौथं, काळं, तिच्या ओढणीचं टोक चावत होतं. तीन मिनिटं उरली होती. संपलं सगळं, असं तिला वाटलं, आणि तिला हसू फुटलं. ते थांबेना.

ड्रमावरून मॅडमचा इंग्रजी आवाज आला. "व्हॉट इज शी डूइंग?"

शिवकन्याला हसण्यातून बोलता येईना. कासाबाईने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. एका पायाने थोराड कोकरू अडवत ती म्हणाली, "आय होल्ड बॅक द बिग लॅम्ब्स."

"व्हाय?" मॅडमनी विचारलं.

"बिग लॅम्ब्स ड्रिंक ऑल मिल्क." आणि तिने आणखी चार बारकी सोडली. "स्मॉल लॅम्ब्स गो फस्ट."

शिवकन्याचं हसू जागीच थिजलं. पहिलीपासून ती याच वाडग्यात बसून मोठमोठ्याने इंग्रजी पाठ करायची. बिग, स्मॉल, मिल्क, ड्रिंक, व्हॉट, व्हाय. कोकरं पाजता पाजता मायच्या कानावर ते पडत होतं. पंधरा वर्षं ते शब्द तिच्याजवळ होते आणि तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

मॅडमनी तिसरं बोट वर केलं. मग चष्मा काढून डोळे पुसले. त्यासुद्धा हसत होत्या.

"शिवकन्या, सोमवारपासून सकाळचा वर्ग तुमचा. पुस्तक मिटून ठेवायचं आणि असंच शिकवायचं. आणि फोन इतक्यात बंद करू नका. ते काळं कोकरू कुणाचं आहे, तेवढं बघू द्या."

"काय म्हणली ती?" कासाबाईने दारातून विचारलं.

"नोकरी लागली, माय."

"कुणाला?"

"मला. तुझ्यामुळं."

तोवर बारकी सगळी पिऊन झाली होती. कासाबाई लेकीकडे वळली. आणि वळताना तिने दारातला पाय काढला. तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं. उरलेली सगळी कोकरं एकदम सुटली. मल्हारच्या दोन्ही पायांमधून गेली, कुत्र्यावरून गेली, ज्याला जी मेंढी सापडली तिच्याखाली शिरली.

"आगं माय, काय करायलीस?" मल्हार ओरडला.

कासाबाई ड्रमाला टेकून हसत होती. लेकीचा हात तिने घट्ट धरला होता. "जाऊ दे रे," ती म्हणाली. "आज पिऊ दे त्यांना कुणाचंबी."