ठकूबाईची हाक आणि सर्किटचा पेपर

माझी धाकटी जाऊ दर्शना महाडच्या एमआयडीसीत वायरमनच्या हाताखाली आहे. आयटीआय झालेली बाई, पण कंत्राटावरची, म्हणून दिवसभर शिडी धरून उभी. कंपनीने सांगितलं, सर्किटचा पहिला कोर्स ऑनलाइन पास व्हा, कायम करतो. नाहीतर दिवाळीला कंत्राट संपलं की घरी. घरी म्हणजे मुंबईला, तिच्या नवऱ्याच्या, माझ्या दिराच्या, सुनीलच्या खोलीत. तिथे चार गाववाले दाटीवाटीने राहतात. दर्शनाला ते मरणाहून नको होतं.

"घे बाय," मी म्हटलं, "तेवढंच राहिलं होतं तुझ्या डोक्यावर."

मला राग यायचा, खरंच सांगते. सकाळी पोलादपूरहून एसटीने महाड, संध्याकाळी परत, मग वाडीची चढण, मग चूल. आणि जेवणं झाली की खिडकीत बसून तो मोबाइलातला मास्तर ऐकायचा. रेंज त्या खिडकीतच येते. मास्तर हिंदीत सुरू करायचा आणि इंग्रजीत घुसायचा. ही मागे नेऊन पुन्हा ऐकायची, पुन्हा मागे न्यायची, आणि मान खाली जायची. मास्तर बोलतच राहायचा.

एकदा मला समजावत होती. "ताई, जोडावर जेवढा करंट येतो ना, तेवढाच भायेर जातो. मधी काय उरत नाय."

"तुझ्यात तर येत काय नाय," मी म्हटलं, "नुसतं जातंच हाय."

हसलीसुद्धा नाही. हसायला तरी अंगात जीव पाहिजे ना! पण सुटलं नाही तिचं ते. रविवारी शेतात लावणीला आली तरी बांधावर बसून वहीत रेघोट्या मारायची.

पेपर घरूनच द्यायचा होता. कॅमेरा चालू ठेवायचा, खोलीत दुसरं माणूस नको, आवाज झाला तर ताकीद, जागेवरून उठलं की पेपर बंद. मी आदल्या दिवशी वाडीभर फिरले. दर्शनाकडे दुपारी कोणी जाऊ नका, मीठ-मिरची मागायलासुद्धा नाही. सगळे हो म्हणाले. वरच्या घरातली म्हातारी ठकूबाईही म्हणाली, "माझं काय काम हाय तिकडं?"

पण पाऊस लागला तर काय, हे कोणाच्याच टाळक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

तळीयेला दरड येऊन घरं गाडली गेली त्या सालापासून आमच्या वाडीची एक रीत आहे. पाऊस धो धो लागला की सगळ्यात वरच्या घरातून ठकूबाई हाका मारते, एकेका घराचं नाव घेऊन. ज्याच्या त्याच्या घरातून ओ यायला पाहिजे. नाही आली, तर हाक मारणाऱ्याने स्वतः जाऊन बघायचं.

त्या दुपारी तसाच पाऊस लागला. मी खालच्या घरात भाकऱ्या थापत होते. वरून हाका सुरू झाल्या, घरं ओ देत गेली, आणि "दर्शनाऽऽ" अशी हाक आली. ओ नाही. पुन्हा हाक. मी पिठाच्या हाताने पडवीत धावले, ओरडले, "हाय गो ती! पेपर हाय तिचा!" पण पावसाने तेवढ्यात असा जोर धरला, खालून वर आवाज जातो कुठे!

पुढचं दर्शनाने सांगितलं. पहिल्या दोन हाकांना ती दात आवळून गप्प बसली. मग खिडकीतून दिसलं, म्हातारी डोक्यावर प्लास्टिक घेऊन निघाली आहे. गुडघे गेलेले, हातात काठीसुद्धा नाही. वाटेवरून ओहोळ वाहत होता. दर्शना बसल्या जागेवरून ओरडली, "बरी हाय मी, थांब तिथंच!" मोबाइलवर लाल ताकीद आली. म्हातारीला ऐकूच गेलं नाही. ती पाण्यात पाय घालणार, तोच ही उठली, दार उघडून धावली आणि तिला दंडाला धरून मागे ओढलं.

"मेले, तोंडात काय माती भरली होती?" ठकूबाईने पाठीत धपाटा घातला आणि मग हिचा चेहरा कुरवाळत रडायलाच लागली. "मला वाटलं, गेलीस."

घरात येऊन बघितलं तर पेपर बंद. चार दिवसांनी निकाल आला, त्यात कारण लिहिलं होतं: दुसऱ्या व्यक्तीशी संभाषण, गैरप्रकार. वर्षभर बसता येणार नाही. गैरप्रकार म्हणे! मेल्यांच्या जिभेला काय हाड आहे का? वर्षभर म्हणजे दिवाळी गेली, कंत्राट गेलं.

दर्शना उंबऱ्यावर बसली होती. निकाल मांडीवरच्या मोबाइलात तसाच उघडा होता. मला ते बघवेना. त्या म्हातारीला वाडीत कौतुक मिरवताना मी ऐकलं होतं, दर्शनाला बघाया मी गेले, अशा पावसात गेले म्हणून.

"मी आत्ता जाते वर," मी म्हटलं. "कळू दे तिला, तुझं काय वाटोळं केलंन ते."

दर्शनाने माझा पदर धरला.

"नको ताई. तिला सांगितलंस, तर पुढच्या टायमाला कोणाची ओ आली नाय की ती निघायच्या आधी इचार करीत बसंल."