थोरल्या साडूंची वेबसाइट

स्वतःचा शोध घ्यायला निघालेली माणसं जगात पुष्कळ होऊन गेली. पण हा शोध रोज दुपारी साडेचार वाजता, माझ्या घरात, माझ्या टेलिफोनवर आणि माझ्या चहावर घेणारे गृहस्थ एकच, आमचे थोरले साडू. त्यांच्या शोधाला अध्यात्माचा वाराही लागलेला नव्हता. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा लहानसा कारखाना होता आणि तिथे ते हळद पॉलिश करायचे ड्रम बनवत. शिजवून वाळवलेली हळकुंडं दिसायला ओबडधोबड, मातकट असतात. ती या जाळीच्या ड्रममध्ये घालून गरागरा फिरवली, की वरची साल घासून जाते आणि आतला पिवळाधमक रंग बाहेर येतो. ही माहिती मला माझ्या लग्नात, अंतरपाट खाली आल्यावर पाचव्या मिनिटाला मिळाली होती. सगळं सासर त्यांना अण्णा म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. ते मला 'पावणं' म्हणत, आणि लग्नाला वीस वर्षं झाली तरी त्या हाकेत मी नुकताच दारात उभा असल्याचा भाव असे.

मी सांगलीतल्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो. दिवसाचे सहा तास पोरांना पॅसिव्ह व्हॉइस शिकवून घरी आलेला माणूस स्वतःच कर्मणी झालेला असतो. त्याला चहा दिला जातो, तो खुर्चीत ठेवला जातो. पण नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा मुलीच्या शिक्षणासाठी म्हणून आम्ही घरात कॉम्प्युटर आणला, त्याला इंटरनेटचा डबा जोडला, आणि माझी ती खुर्ची कायमची गेली. टेलिफोनच्या तारेतून तो डबा कुंई-कुंई करायला लागला, की अण्णा हात जोडत. हा आवाज देवाचा असावा असा त्यांचा समज नव्हता. 'गिअर पडतोय, पडू द्या' एवढंच ते म्हणत, पण हात मात्र जोडत.

त्याच्या आधी एका शेती प्रदर्शनात त्यांना पुण्याचा कुणी एक हुशार माणूस भेटला होता. 'वेबसाइट काढा, सगळं जग दारात येईल' असं सांगून त्याने अण्णांचं एक पान बनवून दिलं आणि तो पुन्हा कुणाला दिसला नाही. पान पिवळंजर्द होतं. दोन्ही बाजूंना लुकलुकणाऱ्या समया होत्या, माथ्यावर 'वेलकम' लिहिलं होतं आणि तळाशी किती जण येऊन गेले ते दाखवणारा आकडा होता. पहिल्या महिन्यात तो आकडा एकेचाळीस झाला तेव्हा अण्णांनी कुपवाडात पेढे वाटले. त्या एकेचाळिसांपैकी अडतीस वेळा आम्ही दोघंच येऊन गेलो होतो आणि तीन वेळा माझी मुलगी चुकून आली होती, हे सांगायचं माझ्या जिवावर आलं. शेवटी मुलीनेच सांगितलं. अण्णांनी हातातला अर्धा पेढा परत बॉक्समध्ये ठेवला.

मग त्यांना कळलं, की जग आपणहून दारात येत नसतं. जग आधी सर्च इंजिनला विचारतं. झालं! 'इंजिन' हा शब्द कानावर पडला आणि अण्णांच्या डोळ्यांत तेज आलं. आयुष्यभर लोखंडाशी झुंजलेला माणूस. ते म्हणाले, "पावणं, इंजिन हाय म्हटल्यावर त्याला कुठंतरी तेल घालायची जागा असणारच. ती आपल्याला घावंना एवढंच." ती जागा आम्ही दोन वर्षं शोधत होतो. आधी 'हळद पॉलिश ड्रम' असं इंग्रजीतून टाइप करायचं आणि येणारी यादी पानामागून पान पाहायची. हळदीचे औषधी गुण यायचे, ढोलताशावाले यायचे, फर्निचरला पॉलिश करणारे यायचे. दहाव्या पानापर्यंत कुपवाडचा पत्ता नसे. अण्णा चष्मा वर करून विचारत, "आपण हाय का न्हाई, पावणं?" सहा तास शाळेत उभा राहून आलेल्या माणसाला दुपारी साडेचारला हा प्रश्न फार खोल वाटतो.

तेलाची पहिली जागा त्यांना कुठल्याशा मासिकात सापडली. पानाच्या पोटात, वाचणाऱ्याला न दिसणारे पण इंजिनाला कळणारे शब्द लिहून ठेवायचे असतात. त्याला कीवर्ड म्हणतात. झालं, अण्णा शब्द गोळा करत सुटले. गिऱ्हाईक ड्रमला काय म्हणून हाक मारेल, हे ते भेटेल त्याला विचारू लागले. माधवनगरला एका लग्नात जेवणाच्या पंगतीत त्यांनी डावीकडच्या आणि उजवीकडच्या माणसाला विचारलं, वाढप्याला विचारलं, आणि नवरा-नवरी पाया पडायला आली तेव्हा नवऱ्या मुलालाही विचारलं. तो घाबरून 'पिंप' म्हणाला. अण्णांनी खिशातल्या लग्नपत्रिकेवर तेही लिहून घेतलं. माझं आणि त्यांचं भांडण झालं ते स्पेलिंगवरून. 'टर्मरिक' चुकीचं लिहिणारे लोक असतात, तेव्हा चुकीचं स्पेलिंगही पानात घाला, असा त्यांचा हट्ट. मी बावीस वर्षं लाल पेन्सिलीने चुका खोडत आलेला माणूस. माझ्या हाताने चूक लिहायची? ते शांतपणे म्हणाले, "तुमच्या शाळेत नापास झाली ती पोरं हळद लावत्यात, पावणं. पास झालेली मुंबैला गेली." मी डोळे मिटून चूक टाइप केली.

अति तिथे माती, ही म्हण त्यांना कुणी शिकवली नव्हती. 'हळद' हा शब्द त्यांनी पानात तीनशे वेळा घातला, आणि तोही पिवळ्यावर पिवळ्या अक्षरात, म्हणजे माणसाला दिसू नये. एवढ्यावर भागेना, तेव्हा त्या काळी गाजत असलेल्या एका नटीचं नावही घातलं, कारण लोक म्हणे तिलाच जास्त शोधतात. तळाचा आकडा धावायला लागला. नागपूरहून कुणाची तरी ई-मेल आली, की मॅडमचा मोठा फोटो पाठवा. अण्णांनी मला बसवून उत्तर लिहून घेतलं, 'सप्रेम नमस्कार, सध्या आमच्याकडे फक्त ड्रमचा फोटो शिल्लक आहे, तो सोबत पाठवत आहोत.' पंधरा दिवसांनी आमचं पान त्या यादीतून नाहीसं झालं. दहाव्या नाही, पन्नासाव्या पानावरही सापडेना. लबाडी करणाऱ्याला इंजिन हाकलून देतं, असं माझ्या मुलीने कुठूनतरी वाचून काढलं. अण्णा तोंडात मारल्यासारखे बसले. त्या दिवशी अण्णांची बायको, म्हणजे आमची थोरली मेहुणी आक्काही आली होती; ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "ह्यांना घरात मिठाचा डबा घावत न्हाई, अन् जगाला ड्रम दावाय निघाल्यात."

तरी ते थांबले नाहीत. दुसऱ्यांच्या पानांनी आपल्याकडे बोट दाखवलं की आपली पत वाढते, हे कळल्यावर ते बोटं गोळा करायला निघाले. माधवनगरचे एक सूतवाले शेठजी, मिरजेचे एक दातांचे डॉक्टर, बेदाण्याचे एक व्यापारी, ज्याची म्हणून वेबसाइट असेल त्याच्याकडे जाऊन, 'तुमी आमचं नाव घाला, आमी तुमचं घालतो' असा तह केला. पुढे पुढे त्यांच्या पानावर सूत, दात आणि बेदाणे एवढे झाले, की ड्रम बघायला तळापर्यंत उतरावं लागे. लोकांना आपण ठाऊक आहोत का, याचीही त्यांना शंका यायला लागली. एकदा त्यांनी टोपी काढून, गॉगल लावून, कारखान्याच्या नाक्यावरच्या चहावाल्याला विचारलं, "हळदीच्या ड्रमचा कारखाना कुठं हाय वो?" बारा वर्षं त्यांना रोज चहा देणारा तो माणूस. गाडा सोडून बाहेर आला, त्यांच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "अण्णा, घरी सोडू का?"

या सगळ्याला मी एक दिवस कंटाळलो. दहावीचे पेपर तपासायचे राहिले होते, डोकं दुखत होतं, आणि अण्णा समया काढून त्याजागी फिरणारा ड्रम बसवावा का, असं तिसऱ्यांदा विचारत होते. मी म्हणालो, "पुरे झालं अण्णा. कुणी शोधत नाही तुम्हाला." त्यांनी टोपी घातली, चहा अर्धा ठेवला आणि ते गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही नाहीत. माझी खुर्ची मला परत मिळाली होती, पण तिच्यात काही केल्या चैन पडेना. आठव्या दिवशी मी सायकल काढून कुपवाडला गेलो.

कारखान्यात आवाज नव्हता. चार कामगारांपैकी दोघंच होते, आणि ते बिडी ओढत उन्हात बसले होते. भिंतीला लागून सहा नवे ड्रम पोती पांघरून उभे होते. कामगारांकडून कळलं, की इतकी वर्षं सांगलीचा एक व्यापारी अण्णांचे सगळे ड्रम उचलायचा, त्यांवर स्वतःच्या नावाची पट्टी मारून विकायचा. त्याला आता बाहेरच्या राज्यातून स्वस्त माल मिळत होता, म्हणून त्याने यांचा माल घेणं बंद केलं. हे सगळं दीड वर्षापूर्वीच झालं होतं. माझ्या घरी रोज येणाऱ्या माणसाने मला त्यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. मी काहीतरी पुटपुटलो. अण्णा ड्रमवरची धूळ पुसत म्हणाले, "गिऱ्हाइकाचं जाऊ द्या, पावणं. इतकं ड्रम केलं, पर त्यातला कुठला कुणाच्या खळ्यावर फिरतोय, मला ठावं न्हाई. चांगला फिरतोय का रडत फिरतोय, एका माणसानं येऊन सांगितलं न्हाई. कुणाला तरी विचारावं वाटतं, बास."

त्या संध्याकाळी मी त्यांना त्यांच्या स्कूटरसकट घरी आणलं आणि आम्ही ते पान पहिल्यापासून लिहिलं. समया गेल्या, नटी गेली, तीनशे हळदी गेल्या. माथ्यावर 'वेलकम'च्या जागी, हळद पॉलिश करायचे ड्रम बनवतो, कुपवाड, सांगली, एवढं साधं वाक्य घातलं. ड्रम केवढा, त्यात किती हळकुंडं मावतात, वीज नसेल तर हाताने फिरतो का, असं जे शेतकरी विचारेल तेच लिहिलं. चुकीचं स्पेलिंग काढायला मी हात पुढे केला आणि त्यांच्या तोंडाकडे बघून मागे घेतला. ज्या ज्या सर्च इंजिनला कळवायचं त्यांना नव्याने कळवलं, आणि वाट बघितली. आठवडे गेले. हळद काढायचे दिवस आले.

ई-मेल आली ती अमेरिकेत नोकरी करणाऱ्या एका मुलाची. वडील गावी हळद करतात, त्यांना ड्रम हवा आहे, तुम्ही फार लांब आहात का? गाव होतं रहिमतपूर. अण्णा दोनदा वाचून हसायला लागले. "अमेरिकेला वळसा घालून रहिमतपूर! आवं, सकाळी निघालं तर जेवायला पोचतंय!" त्या मुलाने आपल्या पत्रातही हळदीचं स्पेलिंग चुकवलं होतं. अण्णांनी ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मोठेपणाने चष्मा पुसायला घेतला.

ड्रम टेम्पोत घालून आम्ही दोघं गेलो. त्या मुलाचे वडील रुमाल बांधलेले, काटक म्हातारे गृहस्थ होते. ड्रम उतरवताना त्यांनी सगळीकडून फिरून पाहिला आणि म्हणाले, "ह्यो तर आमच्या भावकीतल्या ड्रमावानीच हाय की." आणि ते आम्हाला शेजारच्या खळ्यावर घेऊन गेले. तिथे एक जुनाट ड्रम फिरत होता, हळदीच्या धुरळ्याने सगळी हवा पिवळी झालेली. ड्रमवर सांगलीच्या त्या व्यापाऱ्याच्या नावाची पट्टी होती. अण्णा खाली वाकले, आसाच्या बाजूला वेल्डिंग कसं केलंय ते बघितलं आणि तसेच वाकलेले राहिले. मग हळूच मला म्हणाले, "तीन टाकं हायत. बाकीची दोनच मारत्यात. पावणं, ह्यो माझा."

मी त्या म्हाताऱ्यांना ते सांगितलं. त्यांनी अण्णांना नीट न्याहाळलं. "बारा हंगाम झालं," ते म्हणाले, "एकदा पट्टा बदलला, बाकी हात लावला न्हाई. ह्यो कुणी केला म्हणून त्या व्यापाऱ्याला कितींदा इचारलं, तर नावच सांगंना. आता त्याच्याकडं हलका माल येतोय, आन् आमाला असलंच आणखी चार पायजे हुतं." आणि मग अगदी सहज, रागावल्यासारखं नव्हे, नुसतं नवल वाटून त्यांनी विचारलं, "मग इतकी वर्सं तुमी आला का न्हाईसा?"

अण्णा खळ्याच्या कडेला पंपावर गेले आणि स्वच्छ हात पुन्हा पुन्हा धुवत बसले.

भिंतीला टेकलेले बाकीचे ड्रम त्या हंगामात रहिमतपूरच्या आसपास, कोरेगाव तालुक्यातच गेले, एकाने दुसऱ्याला सांगून. त्यांवर अण्णांनी स्वतःच्या नावाची पट्टी मारली. कारखाना पुढे काही वर्षं बरा चालला; मग गुडघे गेले, तो विकला, आणि अण्णा-आक्का साताऱ्याला लेकीकडे राहायला गेले. आता आमचं भेटणं कमी झालंय. मीही निवृत्त झालोय, आणि दुपारच्या वेळी मला कुणी काही विचारत नाही.

परवा फोन वाजला. "पावणं, मी," अण्णा म्हणाले. मी म्हटलं, "बोला अण्णा, काय काम काढलंत?" ते म्हणाले, "काम काय न्हाई. नुसताच केला." तिकडे साताऱ्यात कुकरची शिट्टी झाली, इकडे आमच्या दारावरून भाजीवाला ओरडत गेला, आणि दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही.