सुभेदार भीमाकाका आणि त्यांचा जुळा भाऊ

मागच्या रविवारी माहेरी होते... कोरेगावच्या पुढे आमचं गाव आहे तिथे. भीमाकाका सैन्यातून सुभेदार होऊन रिटायर झाले, त्यांचा सत्कार होता आणि माईक माझ्या हातात. साताऱ्यात शाळेत शिकवते ना, मग गावातल्या प्रत्येक कार्यक्रमाचं सूत्रसंचालन आपोआप माझ्याच गळ्यात पडतं.

मारुतीच्या देवळापुढे मांडव, हलगी, फेटे, उघड्या जीपमधून मिरवणूक. मेंढरं राखणाऱ्याच्या घरातला पोरगा सुभेदार होऊन आला होता. सगळं गाव लोटलं होतं!

भीमाकाकांना जुळा भाऊ आहे, अर्जुनकाका. चेहरा तोच, चणही तीच. पण अर्जुनकाका शेळ्या राखतात, एका पायाने लंगडतात आणि मधली बरीच वर्षं दारूत गेलेली... आमच्याकडे पोरांना दम द्यायचा तर आया म्हणायच्या, "भीमा व्हायचंय का अर्जुन?" त्या दिवशी ते मांडवाच्या मागे, आचाऱ्याजवळ पाण्याची पिंपं भरत होते.

तालुक्याहून आलेले पाहुणे बोलायला उठले. म्हणाले, "एकाच आईच्या पोटी, एकाच दिवशी जन्मलेले दोन भाऊ. एक सुभेदार झाला. दुसरा कुठं राहिला ते तुम्ही बघताच आहात. परिस्थिती वगैरे काही नसतं, माणसात जिद्द लागते!"

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या... आणि माईक भीमाकाकांच्या हातात दिला.

काकांनी फेटा सारखा केला. मग म्हणाले, "पावनं चांगलं बोललं. पन एक चुकीचं बोललं."

मांडवात चुळबूळ सुरू झाली.

"सांगलीला भरती हुती. आमी दोघं एकाच वळीत. मी म्होरं, अर्जुन माज्या मागं. पळायला त्यो माज्यापरास लय तेज, कुनाबी म्हाताऱ्याला इचारा." पुढच्या रांगेतली दोन-तीन पांढरी डोकी हलली. "हवालदारानं वळीत हात घातला. म्हनला, हितपतूर पयली बॅच. त्यो हात आमा दोघांच्या मधी पडला. मी पळालो, पास झालो. अर्जुन दुसऱ्या बॅचला. पळताना त्येच्या म्होरला गडी अडखळून पडला आन ह्यो त्येच्यावर. गुडगा गेला तो गेलाच."

काका मांडवाच्या मागे बघत म्हणाले, "त्यो हात एक मानूस अलीकडं, माज्या म्होरं पडला असता, तर त्या पडलेल्या गड्याच्या मागं मी असतो. आज शेळ्या मी राखल्या असत्या. मग जिद्द कुनाची म्हनायची?"

पाहुणे मान खाली घालून बसले होते.

तेवढ्यात मागून आवाज आला. "भीमा, अर्धंच सांगितलंस."

अर्जुनकाका लंगडत लंगडत मांडवाच्या मधोमध आले. हात अजून ओलेच. भीमाकाकांनी हातातला माईक पुढे केला, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

"पडलो त्यो माजा दोष न्हाई, कबूल. पन फुडं दारू पेलो, ती काय त्या पडलेल्या गड्यानं पाजली न्हाई. गुडगा मोडलेली मानसं समदीच पित्यात व्हय? माज्या बायकोनं दुसऱ्याच्या रानात खुरपून घर चालिवलं आन मी वसरीला पडून. त्ये नशिबाच्या नावावर टाकू नगंस."

"आरं पर..." भीमाकाका म्हणाले.

"थांब रं. सोडली ती बी मीच. पन सोडताना हातपाय कापायचं, जीव नगं व्हायचा. तवा ह्यो गडी पुरी सुट्टी माज्या दारात बसून हुता. लोक म्हनायचं, बेवड्यापायी सुट्टी कशाला घालिवतोस? ह्यो कुनाला कायबी बोलला न्हाई. मला उपदेश बी केला न्हाई... नुसता बसून हुता."

एवढं बोलून ते वळले आणि परत पिंपाकडे चालायला लागले.

मी माईक परत घेतला. सूत्रसंचालकाने आता काहीतरी बोलायला हवं होतं... पण लिहून आणलेलं एकही वाक्य इथे बसत नव्हतं. शेवटी एवढंच म्हणाले, "जेवणं तयार आहेत, सगळ्यांनी पंगतीला बसा."

 सगळे उठले. भीमाकाकांनी फेटा काढून खुर्चीवर ठेवला आणि भाताचं घमेलं उचललं. मागून अर्जुनकाका आमटी घेऊन.

पाहुणेही पंगतीत बसले होते. अर्जुनकाका वाढायला वाकले, तेव्हा पाहुण्यांनी त्यांचा हात धरला आणि ते काहीतरी म्हणाले. काय ते मला ऐकू आलं नाही... पण अर्जुनकाका हसले आणि आणखी एक डाव आमटी वाढून पुढे गेले.

कष्ट मोठे की परिस्थिती, यावर मी वर्गात मुलांना दरवर्षी बोलायला लावते.  त्या दिवशी भरल्या मांडवात आपलं मोठेपण खाली उतरवून ठेवणारा एक माणूस मी पाहिला... आणि हातात आयती आलेली सबब नको म्हणणारा दुसरा. तेही सख्खे भाऊ. तेव्हा मी तिथे होते, याचंच अजून अप्रूप वाटतंय.