खात्रीच्या जागेवर हरणारे अप्पा

आमच्या लोकसभेच्या जागेबद्दल पेपरात दर निवडणुकीला एक वाक्य ठरलेलं असायचं: ही जागा सुरक्षित आहे. लहानपणी मला वाटायचं, सुरक्षित म्हणजे तिथं पोलीस उभे असतात. एकदा अप्पांना विचारलं. ते दुकानात साखरेचा पुडा बांधत होते.

"सुरक्षित म्हंजे," ते म्हणाले, "त्या पक्षानं कुणालाबी उभं केलं तरी तोच येतो." पुड्याला दोऱ्याची गाठ मारून झाल्यावर म्हणाले, "आपला पक्ष दुसरा हाय."

नांदेड शहराची सिटी बस जिथून वळून परत जायची, त्या कडेच्या वसाहतीत आमचं किराणा दुकान होतं. माझ्या वडलांना सगळी वसाहत अप्पा म्हणायची, म्हणून आम्हीही अप्पाच म्हणायचो. ते कुठल्याच निवडणुकीला उभे राहिले नाहीत. मतदानाच्या दिवशी मात्र दुकान बंद ठेवून, धुतलेला पांढरा शर्ट घालून, ते आमच्या शाळेतल्या बूथवर पक्षाचे पोलिंग एजंट म्हणून बसायचे. म्हणजे आलेला मतदार खरा की खोटा ते बघायचं आणि हातातल्या यादीत त्याच्या नावापुढं खूण करायची. कागदावर शिक्का मारायच्या काळापासून ते बसत होते आणि तेव्हापासून त्यांचा पक्ष हरत होता.

त्यांच्या शेजारच्या बाकावर जिंकणाऱ्या पक्षाचे एजंट बसायचे. ते आमच्याच गल्लीतले टेलर. त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. मास्तरांच्या पक्षाकडून दुपारी पुरीभाजीचं पाकीट यायचं, त्यात जिलबीही असायची. अप्पांचा पक्ष पाकीट पाठवायला बहुतेक वेळा विसरायचा. मग आई माझ्या हाती धपाटे आणि दही पाठवायची. मी खिडकीतून डबा द्यायची, तर मास्तर जिलबीचा तुकडा बाहेर काढून माझ्या हातावर ठेवायचे. अप्पा म्हणायचे, "मास्तर, हे मतदाराला आमिष झालं." मास्तर म्हणायचे, "तिचं नाव यादीत यायला लई वेळ हाय."

मास्तरांचा उमेदवार आमच्या वसाहतीत कधी उतरला नाही. त्याची गाडी हळू व्हायची, काचेतून हात हलायचा, की गाडी पुढं. तेवढं पुरायचं. अप्पांचा उमेदवार दर वेळी नवा असायचा आणि आमच्या घरी चहा घ्यायचा. त्यातला एक तर वसाहत न सापडून मुदखेडच्या रस्त्याला लागला होता. अप्पा स्कूटर घेऊन त्याला शोधायला गेले. निकालानंतर यातला एकही पुन्हा दिसला नाही. मी चिडून विचारायची, तुम्ही कशाला बसता? अप्पा म्हणायचे, "कुणीतरी बसायलाच पाहिजे ना. न्हाई तर मास्तर एकटेच खुणा करून राहतील."

पुढं मी लातूरला कॉलेजात शिकवायला लागले. मतदार यादीतलं नाव मात्र नांदेडलाच ठेवलं. आणि मग एका उन्हाळ्यात, मी सुट्टीवर घरी असताना, ती जागा फिरली. अप्पांचा पक्ष निवडून आला.

दुपारनंतर हलगी वाजवत पोरं दुकानासमोर आली. त्यातल्या निम्म्यांना अप्पा ओळखत नव्हते. त्यांनी अप्पांच्या कपाळाला गुलाल लावला, गळ्यात हार घातला आणि मिरवणूक पुढं गेली. थोड्या वेळानं आई म्हणाली, "तुझे अप्पा कुठं दिसेनात, जेवायला बोलाव." मी शोधत गेले. मास्तरांच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. खालून अप्पांच्या चपला दिसल्या. आत मशीन चालू होती.

"अभिनंदन, अप्पा," मास्तर शिवता शिवता म्हणाले.

"हं."

मग अप्पा म्हणाले, "मास्तर, उद्याचा पेपर मागच्या पानापासून वाचा. पहिल्या पानावर यायला दुपार होते. तवर सोसतं."

मशीन थांबली. "तुम्ही दर वेळी असं करायचे?"

"हाव. तुम्हाला कधी बोललो न्हाई."

मी हाक न मारताच परत फिरले. आईला सांगितलं, येतील थोड्या वेळानं.

त्याच्या पुढच्या निवडणुकीत वेगळंच झालं. अप्पांच्या पक्षाकडं आता माणसं लई झाली होती. एक तरुण कार्यकर्ता येऊन म्हणाला, "अप्पा, तुम्ही आता आराम करा." दोन दिवस अप्पा दुकानात गिऱ्हाइकांशीही धड बोलले नाहीत. तिकडं मास्तरांनी स्वतःच पक्षाला कळवलं होतं, यंदा बसत नाही, माणूस बघा.

हे कळलं तेव्हा अप्पा सरळ मास्तरांच्या पक्षाच्या कार्यालयात गेले आणि म्हणाले, मास्तरांना सोडू नका, या बूथचा माणूस न् माणूस त्यांना माहीत आहे. विरोधी पक्षाचा म्हातारा येऊन असं सांगतो, म्हणजे यात काहीतरी डाव आहे, असं तिथल्या लोकांना वाटलं. त्यांनी अप्पांना चहा पाजला आणि मास्तरांना फोन लावला. फोन ठेवून मास्तर उठले आणि अप्पांच्या पक्षाच्या कार्यालयात गेले. तिथं ते एवढंच म्हणाले, "अप्पा बसणार असतील तर मी बसतो. न्हाई तर दोन्हीकडं नवी पोरं बसवा आन् दिवसभर भांडणं मिटवीत बसा."

दोघांनाही नेमणुकीचा फॉर्म मिळाला.

मतदानाला मी लातूरहून पहाटेच्या बसनं आले. मी खोलीत गेले तेव्हा अप्पांनी माझं नाव अनोळखी माणसासारखं यादीत शोधलं, आणि मास्तरांनी माझं ओळखपत्र नीट वाचून बघितलं. संध्याकाळी मतदानाच्या मशीनला सील लागलं, दोघांनी सह्या केल्या आणि आम्ही तिघं चालत घरी निघालो.

"काय वाटतं?" मी विचारलं.

"न्हाई सांगता येत," मास्तर म्हणाले.

"मलाबी," अप्पा म्हणाले. असं म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. आवाजात काळजी नव्हती, उलट जरा मजाच वाटत होती. मग कुठल्या गल्लीनं कुणाला मत दिलं असेल, यावरून दोघांचं रस्त्यातच जुंपलं.

त्या वेळी थोडक्या मतांनी मास्तरांचा पक्ष परत आला. अप्पांनी दुसऱ्या दिवशी पेपर कुठून वाचला, ते मी विचारलं नाही. आता ही जागा कुणाची, हे कुणी छातीठोक सांगत नाही. त्यामुळं दोन्हीकडचे उमेदवार वसाहतीत गाडीतून खाली उतरतात. मागच्या वेळी एकाला अप्पांनी आणि मास्तरांनी मिळून पाऊण तास उघड्या नालीजवळ उभं केलं होतं. नाली बंदिस्त झाली. आता त्यांना सिटी बसच्या फेऱ्या वाढवून पाहिजेत, आणि त्यासाठी पुढच्या निवडणुकीची वाट बघणं चालू आहे.