जांभळा की गुलाबी

आमची ताई लाँड्रीवाली. चहाचा असो, शाईचा असो, तिच्या हाताखालून डाग कधी जिवंत सुटला नाही. समोरच्या तपासणी लॅबचे डॉक्टर एकदा म्हणाले, सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्या वर्षाची परीक्षा पास हो, तुला कामावर घेतो. झालं! चाळिशीत बाई कॉलेजात.

पुस्तक तिने तोंडपाठ केलं. घोडं अडलं ते प्रॅक्टिकलला. काचेवर जंतू पसरायचे, जांभळा रंग चढवायचा, मग स्पिरिटने धुवायचं. काही जंतू जांभळा रंग सोडत नाहीत. जे सोडतात, त्यांना नंतर गुलाबी रंग चढवायचा. त्यावरून त्यांचा गट ठरतो. धुवायचं ते नावापुरतं. पण समोर जांभळा डाग दिसतोय आणि आमची ताई हात आवरणार? छे! ती इतकं धुवायची, की भलेभले चिवट जंतूही रंग सोडायचे. वर्षभर तिचे सगळे जंतू गुलाबीच. प्रॅक्टिकल घेणाऱ्या मॅडमनी कपाळाला हात लावला.

भाऊजींना आयताच विषय मिळाला. इस्त्री फिरवता फिरवता ते गिऱ्हाइकांना सांगायचे, हिच्यापुढे जंतूंचीसुद्धा डाळ शिजत नाही. परीक्षेच्या सकाळी मात्र त्यांनी मोठ्या मायेने सल्ला दिला. गुलाबी दिसलं, की डोळे मिटून जांभळा लिही, तुझा हात मला ठाऊक आहे. सल्ला द्यायला यांचं काय जातं!

परीक्षेत ताईने दातओठ खाऊन हात आवरला. स्पिरिटचे मोजके थेंब टाकले आणि थांबली. सूक्ष्मदर्शकात पाहिलं, तर जंतू गुलाबी. बराच वेळ ती तशीच बघत बसली. मग कागदावर लिहिलं, जांभळा.

मॅडमनी तिला बाहेर गाठलं.

"अगं, वर्षभरात आज पहिल्यांदा बरोबर धुतलंस. गुलाबीच होते ते. मग लिहिलंस काय हे?"

ताई नापास झाली. घरी येऊन ढसाढसा रडली. भाऊजी समजूत घालू लागले, होतं असं, जुन्या सवयीचा दोष, पुढच्या वर्षी बस. मला तर त्यांचा असा संताप आला! ताईने पदराने डोळे पुसले.

"माझा हात बरोबर पडला होता. मी तुमचं ऐकलं, तिथे चुकले."



ताई परीक्षेला पुन्हा बसणारच आहे. तोवर भाऊजींच्या शर्टावर चहा सांडला, तर तो डाग त्यांचा त्यांनीच काढायचा. निघत नाही, तेव्हा तसाच शर्ट घालून ते लाँड्रीत बसतात.